ओजसचा पूर्वपक्ष

ब्रह्मा घाट, वाराणसी
११ सप्टेंबर २०२५

विश्वजीत,

माझा नंबर तू मोबाइलवर अडवून ठेवला आहेस आणि वर चार पानी पत्र पाठवून मला जाब विचारतोस. ठीक आहे. पत्रात मला मधेच तोडता येत नाही, हे मात्र तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

तू लिहितोस की थोरल्या बहिणीने गणपतीपुढे उभं राहून घराण्याची अब्रू घालवली. ज्याने तुला नागपूरला बातमी पोचवली, त्याने अर्धीच पोचवली असणार. पूर्ण माझ्याकडून घे. होय, यंदाच्या उत्सवात माझं व्याख्यान झालं. होय, मी म्हणाले की जो माणूस आज नशा सोडू शकत नाही त्याला आज स्वच्छ सुई मिळाली पाहिजे, उद्या औषध मिळालं पाहिजे, आणि परवा त्याने सोडायचं ठरवलं तर त्या परवापर्यंत तो जिवंत असला पाहिजे. मेलेल्या माणसाला व्यसनमुक्त करता येत नाही. या वाक्याला टाळ्या पडल्या. हे तुला कोणी कळवलं नसेल.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ ओरडले, "प्रोफेसरबाई, उद्या दारुड्यांचे पेलेही विसळून द्याल!"

मी म्हटलं, "देईन की. गेल्या होळीला तुम्ही ज्या पेल्यातून थंडाई घेतलीत तो कोणी विसळला होता?"

सगळा मांडव हसला. त्यांची बायको सर्वांत मोठ्याने.

ज्या शहरात भांगेचं सरकारमान्य दुकान आहे, जिथे महादेवाचं नाव घेऊन गोळा गिळतात आणि त्याला मस्ती म्हणतात, त्याच शहरात सुई टोचणारं पोर नाल्याकडेला मरू द्यायचं आणि नाकाला रुमाल लावून पुढे जायचं, ही कुठली नीती? आणि हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. स्वित्झर्लंडने करून पाहिलं, पोर्तुगालने करून पाहिलं. परदेशाचं कौतुक नको असेल तर आपल्या मणिपूरकडे बघ. तिथे ते गेल्या शतकातच सुया बदलून देऊ लागले होते. सुईची ओढ शमवणाऱ्या गोळ्या देणारी केंद्रं तर आज आपलंच सरकार चालवतं. माणसं कशाने वाचतात याचं मोजमाप झालेलं आहे, पुन्हा पुन्हा झालेलं आहे. ज्याला मोजमाप नको आहे त्याने निदान धर्माचं नाव घेऊ नये.

आता तुझ्या शेवटच्या परिच्छेदावर येते, कारण खरं पत्र तिथे आहे. अंतराचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. आनंद झाला. शार्दूल चांगला मुलगा आहे असं ती म्हणते, आणि अंतराची पारख तुझ्याहून बरी आहे. पण त्याखाली तू लिहितोस की ओजसने "ती गोळी" सोडली तरच त्याने बहिणीच्या लग्नाला यावं. नाहीतर लाजाहोमात अंतराच्या ओंजळीत लाह्या घालायला आणि नवऱ्या मुलाचा कान पिळायला वेदांत उभा राहील. वेदांत! कस्तुरीच्या भावाचा मुलगा! तुझी बायको आज असती तर तिने आधी तुझाच कान पिळला असता.

आणि वरपक्षाला काय सांगितलंस? ओजस जर्मनीत शिकतो!

तुझा मुलगा रोज सकाळी केंद्रावर जातो. इरावती नावाची परिचारिका आहे, तिच्यासमोर गोळी जिभेखाली ठेवतो आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत तोंड उघडत नाही. आपल्या घराण्यात इतका वेळ गप्प बसलेला हा पहिला पुरुष. मग गंगेपलीकडे रामनगरला जातो आणि दिवसभर नावांची इंजिनं दुरुस्त करतो. घाटावरचे नावाडी त्याला "इंजीनियर साहब" म्हणतात. इंजिनिअरिंगची पदवी अर्धी सोडलेल्या मुलाला ही पदवी गंगेने दिली आहे. मला त्याचा अभिमान आहे, आणि मी तो कुठल्याही मांडवात उभी राहून सांगेन.

गोळी तो सोडणार नाही. लग्नाला मात्र तो गेला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकदम कशा होतील, ते आता तुला आणि मला ठरवायचं आहे.

ताई


विजयादशमी, २ ऑक्टोबर २०२५

विश्वजीत,

या वेळचं पत्र दीड पानाचं. प्रगती आहे.

तू लिहितोस, "ताई, तुला भाषण करता येतं, ऐकता येत नाही. माझी बाजू तू कधी समजूनच घेतली नाहीस."

अण्णांच्या मुलीवर याहून जड आरोप करता येणार नाही, म्हणून मी तो हसण्यावारी नेत नाही. आपल्या घरात भांडायलासुद्धा नियम होता. अण्णांच्या पाठशाळेत शास्त्रार्थाला जो नियम, तोच स्वयंपाकघरात. आधी पूर्वपक्ष. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, जमल्यास त्याच्याहून चांगलं मांडायचं, आणि तो "बरोबर, हेच माझं म्हणणं" असं म्हणेपर्यंत खंडनाचा एक शब्द काढायचा नाही. लाडू कोणी संपवले या वादातही अण्णा पाटावरून विचारायचे, "विश्वा, आधी ताईचा पूर्वपक्ष मांड." तू रडकुंडीला येऊन मांडायचास, आणि मांडता मांडता तुलाच हसू फुटायचं.

तर घे, तुझा पूर्वपक्ष.

मी विश्वजीत. मला मोहन नावाचा धाकटा भाऊ होता. तो दारू प्यायचा. आई म्हणाली, बाहेर गटारात पडण्यापेक्षा घरात घेतलेली बरी. म्हणून ती स्वतः रोज संध्याकाळी पदराआड पेला धरून त्याला मापाने द्यायची. सगळं घर म्हणायचं, निदान डोळ्यांसमोर आहे. डोळ्यांसमोरच त्याला कावीळ झाली, पोटात पाणी झालं, डोळ्यांसमोरच तो गेला. त्या दिवशी मी शिकलो की व्यसनाशी तडजोड म्हणजे मरणाशी तडजोड. म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शाळाशाळांत जाऊन मुलांना शपथ देतो. शपथेत "थोडं", "सध्यापुरतं", "त्यातल्या त्यात" असे शब्द नसतात. ज्या मुलाला मी सांगतो की नशेला शिवू नकोस, तो उद्या विचारेल, सर, मग सरकार सुया का वाटतं? मी त्याला काय सांगू? आणि माझ्या मुलाने एक बेडी काढून सरकारी शिक्क्याची दुसरी घातली, त्याचा मी उत्सव करू? मला माझा मुलगा पूर्ण मोकळा हवा आहे. अर्ध्या उपायाने माझा भाऊ गेला. मुलगा मी अर्ध्या उपायावर सोडणार नाही.

झालं. काही राहिलं असेल तर लिही. नसेल तर एकच शब्द लिही. तोवर नियमाप्रमाणे माझं तोंड बंद. ही घटना काशीत क्वचित घडते, तेव्हा उत्तराला फार उशीर करू नकोस.

ताई

ता. क. रामलीलेच्या गर्दीमुळे ओजसला महिनाभर सुट्टी नव्हती. आज त्याने आपले पाने आणि पकडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. मी विचारलं, "मंत्र कुठला म्हणालास?" तर म्हणाला, "आत्या, ऑइल डालना ही मंत्र है."


१६ ऑक्टोबर २०२५

विश्वजीत,

पोस्टकार्ड मिळालं. "बरोबर" आणि खाली सही. सही अजून चेकवर करावी तशीच करतोस.

आता माझी पाळी.

आई. तिने मोहनला काय दिलं ते तू पाहिलंस, काय दिलं नाही ते बघ. डॉक्टर दिला नाही, कारण डॉक्टर ओळखीचा होता. इस्पितळ दिलं नाही, कारण तिथे नाव लिहावं लागलं असतं. मोहनशी याबद्दल सरळ एक वाक्य बोलायची परवानगी तिने आपल्यालाही दिली नाही. फक्त दारू दिली, आणि पदर. विश्वजीत, ते नुकसान कमी करणं नव्हतं. ते नुकसान झाकणं होतं. केंद्रावर पदर नाही. तिथे रक्त तपासतात, कावीळ बघतात, एचआयव्ही बघतात, डॉक्टर मात्रा ठरवतो आणि बदलतो. त्या गोळीने ओजसला नशा चढत नाही. अंगातली ती कुरतडणारी ओढ शांत होते, आणि माणसाला त्याचा दिवस परत मिळतो. मोहनला संध्याकाळ मिळायची. दिवस कधी मिळाला नाही.

शाळेतला मुलगा. त्याला खरं सांग. सांग की बाळा, शिवू नकोस. आणि हेही सांग की तुझा मित्र शिवला असेल तर त्याला टाकू नकोस. त्याने दुसऱ्याची सुई घेऊन दुसऱ्याचा रोग घरी आणू नये म्हणून सरकार त्याला स्वच्छ सुई देतं, आणि सुईच्या निमित्ताने तो रोज एका अशा माणसाला भेटतो जो त्याला नावाने हाक मारतो. तिथूनच एक दिवस तो औषधाकडे वळतो. मुलांना खरं पेलतं. पेलत नाही ते आपल्याला.

बेडी. हा शब्द तू वापरायला नको होतास. मी त्याला इकडे आणण्याआधी नागपूरच्या बाहेर ज्या व्यसनमुक्ती केंद्रात तू ओजसला ठेवलं होतंस, तिथे त्याच्या पायात खरी बेडी होती. खाटेला बांधलेली साखळी, वर कुलूप. तू फाटकापर्यंत आलास आणि ऑफिसात बसून राहिलास. मी आत गेले. ती साखळी मी हातात धरली आहे. गाईच्या गळ्यातली याहून हलकी असते. मी तिथे इतकी ओरडले की व्यवस्थापकाने किल्ली आणून दिली. तेव्हा तू मला म्हणालास, "ताई, हळू बोल, लोक बघताहेत." लोक बघत होते म्हणूनच मी ओरडत होते.

राहिलं "पूर्ण मोकळं". एकदम बंद केल्यावर माणसाचं काय होऊ शकतं, हेसुद्धा मोजलेलं आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही. का नाही, तेही आज विचारू नकोस.

आता तुझी पाळी, आणि ती माझा पूर्वपक्ष मांडण्याची नाही. माझं म्हणणं तर मी चौकाचौकात मांडते. तू ओजसचा पूर्वपक्ष मांड. "मी ओजस" अशी सुरुवात कर. तो तुझ्याशी वाद घालत नाही, म्हणून त्याला म्हणणं नाही असं तू धरून चालला आहेस. लिहून पाठव. तो वाचेल. तो "बरोबर" म्हणाला, आणि त्यानंतर तू त्याचं खंडन करू शकलास, तर लग्नाला वेदांतला उभं कर. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

दिवाळी आली. अंतरासाठी बनारसी पाठवते आहे, निळी. ओजसने निवडली.

ताई


७ नोव्हेंबर २०२५

विश्वजीत,

तुझा मजकूर इथल्या देवदिवाळीच्या, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेच्या, आदल्या दिवशी आला. "मी ओजस. मला आईचं प्रेम फार थोडं मिळालं. मी मनाने दुबळा आहे. वाईट संगत लागली. मला बाबांना दुखवायचं नव्हतं, पण गोळीचा सोपा मार्ग मला मोहात पाडतो." तू प्रेमाने लिहिलं आहेस. मला ते दिसलं. ओजसलाही दिसलं.

तो कचोरी खात वाचत होता.

"काय म्हणतोस?" मी विचारलं.

"बाबांचं अक्षर अजून काय छान आहे."

"ओजस."

"आत्या, हा मी नाही. हा कोणी दुसराच बेचारा आहे. मला वाचून त्याच्यासाठी वाईट वाटलं."

"मग काय कळवू?"

"लिही, फेल. ग्रेस मार्कसुद्धा नाही." मग बोटं पुसत म्हणाला, "पण त्यांना पता ही नहीं, आत्या. माहीतच नाही तर ते लिहिणार कुठून? सांगून टाक."

"न सांगण्याचा शब्द तूच मला द्यायला लावला होतास ना?"

"तो परत घेतला. सांग. पण त्यांना दोष नको देऊ."

"मी देईन."

"मालूम है. थोडा कम देना."

म्हणून थोडा कमी देते. बसून वाच.

या वर्षी गुढीपाडव्याला तू काशीला आला होतास. ओजस गोळ्यांवर नीट होता, कामाला लागला होता. तू त्याला सकाळी अहिल्याबाई घाटावर नेलंस. स्नान, मग पूर्वेला तोंड, उजव्या हातात पाणी आणि अक्षता. देशकाल उच्चारलास, गोत्र उच्चारलंस, आणि त्याच्याकडून संकल्प सोडवलास की आजपासून कोणतंही मादक द्रव्य नाही, आणि ती गोळीही नाही. परत आलात तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. मला तू म्हणालास, "ताई, आता बघ."

मी बघितलं, विश्वजीत. हात ओला झाला की शब्द मोडायचा नाही, हे त्याला आपणच शिकवलं होतं. अण्णांचा नातू. त्याने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून केंद्रावर गेला नाही. इरावती विचारायला घरी आली, तर हा गच्चीवर जाऊन बसला. अंग कापायचं, घामाने गादी भिजायची, पाय सतत झटकत राहायचा, आणि मी काही बोलले की म्हणायचा, "आत्या, गोत्र घेऊन बोललोय." दुसरा कोणी असता तर हळूच जाऊन गोळी घेऊन आला असता आणि सुखरूप राहिला असता. खोटं बोलणारा मुलगा वाचला असता. आपला खरं बोलणारा निघाला.

आणि एका दुपारी त्याला सहन झालं नाही. गोळी घेतली नाही, कारण संकल्पात गोळीचं नाव घेऊन तू तो दरवाजा बंद केला होतास. तो सुईकडे गेला. पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतली. पण शरीराची पूर्वीची सवय मोडलेली होती. मधे खंड पडला की जुनी मात्राच प्राण घेते. यालाच मी मागच्या पत्रात मोजलेलं म्हणाले होते.

तो विष्णु निषादच्या नावेत पडला. विष्णु स्वतः एके काळी सुई टोचायचा, आता गोळ्यांवर आहे. घाटावरची दुसरी पोरं पोलिसांच्या भीतीने पळाली. विष्णु पळाला नाही. ओजसचे ओठ निळे झाले होते, श्वास थांबत आला होता. विष्णुने त्याला उताणं केलं, नाक दाबलं, आणि स्वतःच्या तोंडाने त्याच्या छातीत श्वास भरत राहिला. एकाला केंद्राकडे पळवलं. इरावती गल्लीतून धावत आली आणि तिने नशेचा अंमल उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं. मी पोचले तेव्हा तो खोकत होता. ज्या घरात मल्लाहाच्या, नावाड्याच्या हातचं पाणी चालत नसे, त्या घराच्या एकुलत्या एका नातवाच्या छातीत आज जो श्वास आहे, तो एका मल्लाहाने घातलेला आहे. विष्णु हे सगळ्या घाटाला सांगत फिरतो. "बुआजी," मला म्हणाला, "लड़का अब आधा मल्लाह है. शादी-ब्याह में पूछ के करना!"

तुला मी फोनवर टायफॉइड सांगितला. तसा शब्द त्याने माझ्याकडून घेतला होता, कारण त्याला वाटलं की तू हे ऐकून उभा राहू शकणार नाहीस. मृत्यूतून उठलेला मुलगा पहिली काळजी बापाची करत होता. त्याला तू दुबळा म्हणतोस.

आणि पुढचं ऐक, कारण मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते हेच. इस्पितळातून आल्यावर तो स्वतः उठला, आंघोळ केली आणि केंद्राकडे निघाला. दारात थांबला. म्हणाला, "आत्या, गोत्राचं नाव घेऊन दिलेला शब्द मोडायला चाललोय. चालेल?" मी फक्त त्याची चप्पल सरळ करून ठेवली. संकल्प पाळणारे आपल्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या झाले. चुकलेला संकल्प उजेडात, स्वतःच्या पायांनी जाऊन मोडणारा हा पहिला. अभिमान म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं.

तुझ्या हेतूत खोट नव्हती. मोहनला पेला देताना आईच्या हेतूतही नव्हती. हेतू बघून औषध ठरत नाही, विश्वजीत, आणि राज्याचं धोरणही ठरत नाही. परिणाम बघून ठरतं. आईने मोहनला पदराआड केलं आणि तू ओजसला शपथेआड. दोघांनीही प्रेमाने केलं.

आता पुन्हा लिही. "मी ओजस."

ताई


२४ नोव्हेंबर २०२५

विश्वजीत,

इतके दिवस काही आलं नाही तेव्हा मला वाटलं, संपलं. काल तुझं पाकीट आलं. मी उघडलं नाही. ओजसच्या हातात दिलं. वाचून तो बाहेर गेला, घाटाच्या पायऱ्यांवर बसला, परत आला, आणि मला म्हणाला, "वाच. मोठ्याने वाच."

म्हणून तुझंच वाक्य तुला परत लिहिते आहे. कारण माझ्या आवाजात ते या घरात एकदा घुमलं आहे.

"मी ओजस. मी शब्द पाळणारा आहे, आणि त्यामुळेच मेलो असतो. बाबांना मी पूर्ण मोकळा हवा आहे. मला मोकळेपणा म्हणजे सकाळी उठल्यावर सुईची आठवण न येता चहाची आठवण येणं. गोळी मला तेवढं देते. ती कधी कमी करायची, करायची की नाही, हे मी माझ्या डॉक्टरांशी बोलून ठरवीन. लग्नाच्या मुहूर्ताशी तिला बांधणार नाही. मी बाबांकडे क्षमा मागत नाही आणि दयाही मागत नाही. मला बहिणीच्या लग्नात माझ्या नावाने, माझ्या गावाहून आलेला म्हणून उभं राहायचं आहे. बाबांनी मला जर्मनीला पाठवलं कारण त्यांना माझी लाज वाटली. मला त्यांची कधी लाज वाटली नाही."

ओजस म्हणाला, "बरोबर. लिही त्यांना, बरोबर." आणि मग, "आत्या, यार, ये तो मुझसे भी अच्छा बोल गए."

त्याखाली तू "उत्तरपक्ष" असं लिहून अधोरेखित केलं आहेस. पुढे पान कोरं आहे. मी उलटून पाहिलं, मागेही कोरं.

न्यायशास्त्राच्या नियमाने ज्याला उत्तर सुचत नाही तो हरला. अण्णांच्या पाठशाळेत असं झालं की विद्यार्थी टाळ्या वाजवायचे. मी नाही वाजवत. अण्णा म्हणायचे की ज्याच्यापुढे आपणच हरू असा पूर्वपक्ष मांडणं जिंकण्याहून अवघड, आणि तो तू मांडलास, स्वतःच्या मुलाचा, स्वतःविरुद्ध. मी शंभर सभा जिंकल्या असतील. एवढं मला जमलं असतं की नाही, शंका आहे. मला तुझाही अभिमान आहे. हे वाचून रडू नकोस, चष्मा खराब होतो.

पण "ये" असं तू कुठेही लिहिलं नाहीस.

अंतराचा फोन आला होता. तिने शार्दूलला सगळं सांगितलं. जर्मनी खोटी, ओजस काशीत, गोळी, नाव, श्वास, सगळं. तुला न विचारता. घराण्याचा दोष आहे, बोलल्याशिवाय राहवत नाही. शार्दूल म्हणाला, "कान पिळवून घ्यायचाच आहे तर खऱ्या मेव्हण्याकडून घेईन. भाड्याचा मेव्हणा हळू पिळतो." त्याची आई मात्र ऐकून गप्प झाली, आणि अजून गप्पच आहे. तिला वेळ लागेल. लागू दे. ओजसला समजून घ्यायला सात वर्षं तुला लागली, त्या बाईला आठवडा तरी देऊ या.

ओजसचं तिकीट मी काढलं आहे. तुझं उत्तर येवो न येवो.

ताई


१ डिसेंबर २०२५

विश्वजीत,

उत्तर आलं नाही. "येऊ नको" असंही आलं नाही. मी याचा अर्थ लावत बसले नाही. ओजसनेच बॅग भरली. म्हणाला, "आत्या, त्यांनी पान कोरं ठेवलंय. मी जाऊन उभा राहतो, मग बघू काय लिहितात."

हे पत्र तोच घेऊन आला आहे. तो तुझ्या दारात आहे. मी येत नाही; मी आले तर मीच बोलत बसेन, आणि तुम्हा दोघांना संधी मिळणार नाही.

त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत वरच्या कप्प्यात लग्नाच्या दिवसांपुरत्या गोळ्या आहेत. केंद्राने विश्वासाने बरोबर दिल्या आहेत. असा विश्वास ते सगळ्यांवर टाकत नाहीत. घरात पाहुण्यांची पोरं असतील, तेव्हा त्यांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी ठेव. पण लपवून ठेवू नकोस. लग्नघर आहे, कोणीतरी विचारेलच की ही पुडी कसली.

तेव्हा ओजसकडे बघू नकोस, आणि त्याला उत्तर द्यायला लावू नकोस. तूच सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग: माझ्या मुलाचं औषध आहे.

ताई